नाहीचं बटण

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज यंत्रांचा आणि लेकरांचा इतिहास सांगणार आहे. स्वमग्न लेकरं, बोलणं उशिरा आलेली किंवा न आलेली लेकरं, वाचताना अडखळणारी, एका जागी न टिकणारी. मेंदूची वाढ होतानाच त्याची घडण वेगळी होते, तेव्हा डॉक्टर त्याला न्यूरोडेव्हलपमेंटल अवस्था म्हणतात. हा ताप नाही, की गोळी घेतली आणि उतरला. ती माणसाची घडण आहे आणि ती जन्मभर सोबत राहते.

हा विषय का घेतला, ते आधीच सांगून टाकतो. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. वय २२. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, तो आई-बाबांजवळ अहमदपूरला असतो. हल्ली गावाकडं गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तू तर त्या एआयमधला माणूस, मग याच्यासाठी काही निघालं नाही का?" प्रश्न साधा आहे, पण एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून जरा मागं जाऊ.

किती मागं? १९४३ पर्यंत. त्या वर्षी अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरानं ११ मुलांबद्दल एक लेख लिहिला आणि ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून पुढं आलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गरचा लेख आला. आणि त्याच १९४४ साली आपल्या मुंबईत काय झालं? होर्मसजी आणि जेरबाई वकील या पारशी जोडप्याची मुलगी दीना, तिला डाउन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा, शिवडीची. तिकडं डॉक्टर नाव शोधत होते, इकडं आईबाप जागा शोधत होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्या वेळी आमचं अहमदपूर कुठं होतं? निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आलं आणि १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा लातुरात. जिल्हे बदलले, पण अशा लेकरांसाठी असलेले शब्द बदलले नाहीत. येडं, खुळं, मुकं. जरा सौम्य बोलणारे 'देवाचं लेकरू' म्हणायचे.

कायद्याची भाषाही फार वेगळी नव्हती. ब्रिटिशांच्या १९१२ च्या कायद्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच मंदबुद्धी माणूस घातला होता. दोन्ही एकाच पोत्यात. ते वेगळे निघायला १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला. १९९५ चा अपंगत्वाचा कायदा आला तेव्हा त्यात सात प्रकार होते. मतिमंदत्व होतं, स्वमग्नता नव्हती. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात. त्या कायद्यामागं एकच प्रश्न होता, जो अशा प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर उठतो: आमच्यानंतर याचं काय? म्हणून त्या कायद्यात १८ वर्षांनंतरही पालक नेमायची सोय केली. पुढं २०१६ च्या कायद्यानं सातचे २१ प्रकार केले. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली.

म्हणजे बघा, कायद्याला सातवरून एकवीसवर यायला २१ वर्षं लागली. यंत्रं मात्र त्याच्या कितीतरी आधी या लेकरांपर्यंत पोचली होती. हे वाचलं तेव्हा मलाही नवल वाटलं.

गोष्ट आहे १९६० च्या दशकातली. स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ कोल्बी नावाचा मनोविकारतज्ज्ञ होता. कॉम्प्युटरवाल्यांना तो ठाऊक आहे 'पॅरी'मुळं. १९७२ सालचा हा प्रोग्रॅम संशयग्रस्त रुग्णासारखा बोलायचा, आजच्या चॅटबॉटचा एक पूर्वज. पण त्याच्या आधी, १९६८ साली, कोल्बीनं न बोलणाऱ्या मुलांवरच्या कामाचा लेख छापला होता. मांडणी साधी. एक कीबोर्ड, एक पडदा. मुलानं कळ दाबली की पडद्यावर अक्षर किंवा चित्र यायचं, आवाज यायचा. शेजारी एक मोठं माणूस बसलेलं, पण खेळ मुलाचा. कळ कुठली दाबायची, किती वेळा दाबायची, कधी उठून जायचं, सगळं मुलानं ठरवायचं. त्यातल्या बऱ्याच मुलांची भाषा सुधारली असं कोल्बीनं नोंदवलं.

दुसरी गोष्ट एडिंबरोची, १९७६ ची. सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी सात वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला लोगोचं कासव दिलं. शाळेत लोगो शिकलेल्यांना पडद्यावरचं कासव आठवत असेल. हे खरंखुरं, जमिनीवर चालणारं यंत्र होतं. बटण दाबलं की पुढं जायचं, वळायचं. तो मुलगा कासवाला हुकूम द्यायला लागला आणि त्या नादात आजूबाजूच्या माणसांशीही आपणहून बोलायला लागला.

या दोन्ही प्रयोगांत मला एक गोष्ट सारखी दिसते. त्या लेकरांना दिवसभर कुणीतरी हुकूम देतच असतं: बस, बघ, बोल, हात खाली घे. इथं पहिल्यांदा लेकरू हुकूम देत होतं आणि समोरचं यंत्र न कंटाळता ऐकत होतं. माझ्या मते खरी करामत यंत्राच्या हुशारीत नव्हतीच, कासवाला कसली आली हुशारी. करामत होती हुकूम कुणी कुणाला द्यायचा, या उलटापालटीत.

हीच कसोटी घेऊन आपल्याकडं येऊ. १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. त्याही आईच. त्यांची मुलगी मालिनी छिब हिला सेरेब्रल पाल्सी. तिचं बोलणं अनोळखी माणसाला समजत नाही, पण हाताचं एक बोट चालतं. त्या एका बोटानं टाइप करत तिनं शिक्षण घेतलं आणि २०१० साली इंग्रजीत आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. त्याचं नावच त्या बोटावर आहे.

पुढचं पाऊल चेन्नईत. बोलणारी यंत्रं परदेशातून यायची, किंमत लाखांच्या घरात आणि भाषा इंग्रजी. आयआयटी मद्रासला शिकलेल्या अजित नारायणन या इंजिनिअरनं चेन्नईच्या विद्यासागर या संस्थेतल्या मुलांबरोबर बसून 'आवाज' नावाचं यंत्र बनवलं. चित्रं दाबायची, यंत्र वाक्य बोलतं. नंतर त्याचं टॅबलेटवरचं ॲप झालं.

आणि मराठीत? मराठीत 'जेलो' आलं. पवईच्या आयआयटी मुंबईत आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग आहे, तिथं प्राध्यापक रवी पूवय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं हे ॲप. फुकट आहे आणि मराठी बोलतं. मधे चित्रांचे गट: खाणं, खेळ, जागा, माणसं. बाजूला सहा बटणं: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी. चहाचं चित्र दाबून 'अजून' दाबलं की यंत्र पूर्ण वाक्य बोलतं.

त्या सहा बटणांतलं 'नाही'चं बटण मला सगळ्यात मोठं वाटतं. का, ते सांगतो. जे लेकरू बोलत नाही त्याचं 'हो' आपण गृहीत धरलेलंच असतं. जेवायला वाढलं, जेवतो. गाडीत बसवलं, बसतो. त्याला नको असेल तर त्याच्याकडं एकच मार्ग उरतो: ओरडणं, हात चावून घेणं, भिंतीवर डोकं आपटणं. मग आपण म्हणतो, "याला झटका आला." बऱ्याचदा तो झटका नसतो. न बोलता आलेलं 'नाही' असतं ते.

आता एआयकडं येतो. गेल्या दहाएक वर्षांत दोन वाटा फुटल्यात.

पहिली वाट, लेकराला वाचायची. कॅमेरा चेहरा बघतो, प्रोग्रॅम भावना ओळखतो, निदान सुचवतो. याचा चांगला उपयोगही आहे. अमेरिकेत २०२१ साली ऑटिझमच्या निदानाला मदत करणाऱ्या एका एआय प्रोग्रॅमला सरकारी मान्यता मिळाली. आपल्याकडं 'स्टार्ट' नावाचं टॅबलेटवरचं ॲप तयार झालं, त्यात आयआयटी मुंबईही होती. दिल्लीत २ ते ७ वयाच्या १३१ मुलांवर ते वापरून बघितलं, तेही तज्ज्ञांकडून नाही, घरोघर जाणाऱ्या साध्या आरोग्यसेविकांकडून. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावाला हे सोन्यासारखं आहे. लातूरला उमंग ऑटिझम केंद्र आहे, हरंगुळला संवेदना सेरेब्रल पाल्सी केंद्र आहे, पण एसटीनं जाऊन यायला दिवस मोडतो आणि एका दिवसाची मजुरी बुडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात विकासातली दिरंगाई शोधणं हे एक कामच आहे. त्या पथकाच्या हातात असलं साधन आलं, तर वर्षं वाचतील.

पण याच वाटेवर एक वळण आहे. २०१९ साली स्टॅनफर्डच्या गटानं ६ ते १२ वयाच्या ७१ स्वमग्न मुलांचा अभ्यास छापला. त्यातल्या काहींना एक चष्मा दिला होता. चष्म्यातला कॅमेरा समोरच्याचा चेहरा बघायचा आणि सांगायचा: हा आनंदी आहे, हा रागावलाय. त्या मुलांच्या सामाजिक वागण्यात सुधारणा दिसली. तरीही मला एक प्रश्न पडतो. चष्मा नेहमी लेकरानंच का घालायचा? डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्याला आपण कळत नाही, तसा आपल्याला तो कळत नाही. मग आम्हाला भावाचा चेहरा वाचून सांगणारा चष्मा कुणी का बनवला नाही? आणि हेच कॅमेरे उद्या शाळेत, कारखान्यात बसले तर? म्हणून युरोपनं २०२४ च्या एआय कायद्यात शाळा आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली, उपचार आणि सुरक्षेचा अपवाद ठेवून.

दुसरी वाट साधी आहे: दिवस सोपा करायची. २०२३ मध्ये ब्रॅम डी बायसर या बेल्जियन इंजिनिअरनं 'गॉब्लिन टूल्स' नावाची साइट काढली. तुम्ही लिहायचं 'खोली आवरायची आहे', आणि ती त्याच्या बारीक पायऱ्या पाडून देते. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? एडीएचडी असलेल्या माणसाला विचारा. त्याला खोली आवरता येते, फक्त सुरुवात कुठून करायची तिथं तो तासभर अडकतो. वाचनाचंही तसंच. महाराष्ट्र सरकारनं १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. सवलत वर्षातून एकदा, परीक्षेच्या हॉलमध्ये. उरलेले दिवस काय? आज फोन मराठी धडा मोठ्यानं वाचून दाखवतो, अवघड परिच्छेद सोपा करून सांगतो. आमचा जिल्हा 'लातूर पॅटर्न'चा. वेळापत्रक करून मुलं गुणवत्ता यादीत आणायची हे आम्हाला चांगलं जमतं. पण ज्याला रोजचे १२ तास पार करायलाच वेळापत्रक लागतं, त्याच्यासाठी पॅटर्न कुणी काढला नाही.

तर आमच्या घरी मी काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. आई रात्री फोनमध्ये बोलते: उद्या काय काय आहे. भाषेचं मॉडेल त्याच्या पायऱ्या पाडतं. प्रत्येक पायरीला आमच्याच घरातला फोटो लागतो: आमची बादली, आमचं गेट, आमच्या गल्लीचं टोक. भाऊ टॅबलेटवर एकेक फोटो दाबत पुढं जातो. स्वमग्न माणसाला ठरलेला दिवस लागतो आणि आमच्या गावात दिवस ठरलेला नसतो. नळाला रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराची सगळी सकाळ उलटीपालटी होते. लाइट जाते. पूर्वी आई हे सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवून त्याला दहा वेळा समजवायची. आता आदल्या रात्री नळाच्या दिवसाची वेगळी यादी तयार होते, आणि लाइट गेली तरी ती टॅबलेटमध्ये असतेच.

गमतीही झाल्या. मॉडेलनं पहिल्यांदा लिहिलं, "स्नानगृहात जाऊन स्नान करावे." आई म्हणाली, "हे कोण बोलायलंय, पोथी का?" आमच्याकडं "काय करायलास?" म्हणतात, पुस्तकात "काय करत आहेस?" असतं. या मॉडेलनी मराठी शिकली ती छापील मजकुरातून, लातूर-नांदेडची बोली त्यात येणार कुठून? दुसरं म्हणजे मॉडेल मनानं पायऱ्या घालतं. "गीझर सुरू करा." आमच्याकडं बंब आहे. हसण्यावारी नेऊ नका, कारण माझा भाऊ यादी शब्दशः घेतो. गीझर सापडला नाही तर तो आंघोळीपाशीच थांबेल. असं का होतं? मॉडेल पुढचा शब्द अंदाजानं ठरवतं. आंघोळीच्या मजकुरात गीझर वारंवार येतो, म्हणून तो इथंही आला. त्याला आमचं घर माहीत नाही. म्हणून नियम केला: यादी आधी आईला ऐकवायची, तिनं बरोबर म्हटलं तरच भावाकडं.

उलट एक उपयोग फार छान निघाला. वाक्प्रचार. "हात धुऊन मागं लागलाय" असं कुणी म्हटलं की भाऊ हात बघायचा. "पाच मिनिटात आलो" म्हटलं की घड्याळ लावून बसायचा आणि सहाव्या मिनिटाला घाबरायचा. आता अशी वाक्यं आई फोनला सांगते, तो साध्या चित्रांत उलगडून देतो. आणि आम्हालाही सवय लागली, 'पाच मिनिटात' म्हणायचं असेल तर पाचच मिनिटात यायचं. म्हणजे चष्मा आम्हीही थोडा घातला.

आणि प्रत्येक फोटोखाली 'नाही'चं बटण आहे. गेल्या लग्नसराईत नात्यातलं एक लग्न होतं. यादीत मांडवाचा फोटो होता. त्यानं 'नाही' दाबलं. आईनं पुन्हा विचारलं, पुन्हा 'नाही'. ओरडला नाही, हात चावला नाही. बाबा लग्नाला गेले, आई त्याच्याजवळ थांबली. दुसऱ्या दिवशी एक नातेवाईक म्हणाले, "यंत्रानं पोरगं बिघडवलं की तुमचं. आधी सांगितलं तिथं यायचं." आई म्हणाली, "आधी येत नव्हता, आणत होतो."

मंडळी, याहून नेमकं मला सांगता येत नाही. पण धोकाही याच बटणात आहे. उद्या एखादी कंपनी असं ॲप काढेल ज्यात 'नाही' दाबलं की यंत्र गोड बोलून, बक्षीस दाखवून त्याचं 'हो' करून घेईल. मॉडेलला पटवायला फार छान येतं. मग ते बटण नुसतं चित्र उरेल. कायद्यातही हा पेच आहेच. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यानुसार कायदेशीर पालक असलेल्या अपंग व्यक्तीची माहिती वापरायला त्या पालकाची संमती लागते. संरक्षण म्हणून हे बरोबर आहे. पण मग २२ वर्षांच्या माणसाचं स्वतःचं 'नाही' कुठं नोंदवायचं? त्याची दिनचर्या, त्याचा आवाज, त्याच्या घराचे फोटो कुणाच्या सर्व्हरवर जातात हे त्याला विचारायची रीत अजून आपण घातलेली नाही.

म्हणून "याच्यासाठी काही निघालं का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. निघालंय, आणि आणखी निघेल. पण घेताना एकच बघा: या यंत्रामुळं लेकराच्या दिवसातले किती निर्णय त्याचे स्वतःचे झाले? एक जरी वाढला तरी ठेवा. यंत्र नुसतं त्याला आपल्यासारखं दिसायला शिकवत असेल तर दहादा विचार करा.

'आमच्यानंतर याचं काय' याचं उत्तर यंत्र देणार नाही. त्याला माणसंच लागतील: शेजारी, भाऊ, वहिनी, दुकानदार. पण आईच्या डोक्यात २२ वर्षं जे साठलंय, कुठल्या आवाजाला तो घाबरतो, पोळी कशी मोडून द्यायची, 'नाही' म्हणायच्या आधी मान कशी वळवतो, ते तिच्या बोलीत, तिच्या शब्दांत आज साठवून ठेवता येतं. पुढं जो कुणी त्याच्याजवळ राहील, त्याला पहिल्या दिवशी कोऱ्या पाटीनं सुरुवात करावी लागणार नाही. आमच्या आईनं हे काम सुरू केलंय, रोज रात्री यादीनंतर दहा मिनिटं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर तुम्हीही करा. त्याला साधा रेकॉर्डर पुरतो, एआयही नको.

आणि रेकॉर्ड करताना लेकराला शेजारी बसवा. ते त्याच्याबद्दल आहे, तेव्हा त्यालाही बटण द्या.